पोटात दुखतं, तेही क्लासच्याच वेळेला

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आल्यापासून तिला खाली खेळायला सोडत नाही. शाळेत व्हॅनने जाते, संध्याकाळी मागच्या गल्लीत सरांच्या घरी क्लासला. सर ओळखीचेच आहेत. हल्ली क्लासच्या वेळेला पोट दुखतं म्हणून टाळाटाळ करते. मिस्टर म्हणतात, मी अतीच करते. – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा वाद टोळीवरून चाललाय, पण मला काळजी वाटली ती पोटदुखीच्या ओळीची. खरंच पोट बिघडलं असेल, अभ्यासाचा कंटाळाही असेल. पण दुखणं रोज ठरावीक वेळेलाच उठत असेल तर ते आजच बघायला हवं. मुलांशी वाईट वागणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो : नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, ने-आण करणारा. सरांवर आरोप करायचा नाहीये, पण खात्री होईपर्यंत क्लास बंद ठेवा.

रात्री भाजी निवडता निवडता सहज विचारा : क्लासला कोण कुठे बसतं? सर कुठे बसतात? सगळे गेल्यावर कोण थांबतं? ‘सरांनी हात लावला का?’ असं विचारू नका. उत्तर आपणच तोंडात घातलं की मुलं नुसती ‘हो’ म्हणतात, नाहीतर घाबरून गप्प होतात. पुढे जबाब द्यायची वेळ आली तर तेच प्रश्न अडचणीत आणतात. तिने काही सांगितलं, तर ‘आधी का नाही बोललीस?’ हे अजिबात नको. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढंच म्हणा आणि तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा. नुकतंच घडलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्रंदिवस, मोफत चालते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीचा जबाब घरी घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्याही गणवेशात नसतात. ‘बदनामी होईल’ म्हणून घरात मिटवू नका. तिची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

काहीच निघालं नाही आणि क्लास पुन्हा सुरू केलात, तर शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडं, सोबत इतर मुलं. मधूनच दहा मिनिटं आधी, न कळवता घ्यायला जा. व्हॅनचंही तेच. सगळ्यांत शेवटी कोण उतरतं ते विचारा, कारण तेवढा वेळ ते मूल ड्रायव्हरबरोबर एकटं असतं. ती तुमची मुलगी असेल तर क्रम बदलून मागा, किंवा व्हॅनमध्ये बाई ठेवा म्हणून सगळ्या पालकांनी मिळून धरून बसा.

टोळीचे मेसेज पुढे पाठवू नका. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. मुलं पळवली जातात हेही खरं आहे, पण घरात कोंडून त्यावर इलाज होत नाही. तिला खाली सोडा. ठरलेल्या वेळेत, मैत्रिणींबरोबर, एखादं मोठं माणूस ओट्यावर असताना. घरातला एक गुप्त शब्द ठरवा. ‘आईने बोलावलंय’ म्हणणाऱ्याला तो सांगता आला नाही तर जायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना. शब्द एकदा वापरला की बदला. आणि ‘आईला सांगू नकोस’ असं कुणीही म्हटलं, की ते त्याच दिवशी आईला सांगायचं.

सिंहस्थात रामकुंडावर नेणार असाल तर निघतानाच, अंगावरच्या कपड्यांत तिचा फोटो काढा. तुमचा मोबाइल नंबर तिला तोंडपाठ हवा. चुकामूक झाली तर तिथेच थांबायचं, पोलिसाला किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईला सांगायचं. तुम्ही ताबडतोब ११२ ला फोन करा. ‘चोवीस तास वाट बघा’ असा नियम नाही. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवावा लागतो, आणि ती तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते.