शिपरेक कोस्टवर दोन दिवसांत फुटलेली जहाजं आणि जिओकॅश (फोनच्या जीपीएसवरून शोधायचे लपवलेले डबे) दोन्ही जमेल का?

जमेल. फक्त जागोजागी जहाजांचे सांगाडे दिसतील ही अपेक्षा सोडा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या या किनाऱ्यावर फुटलेली बहुतेक जहाजं पाण्याखाली आहेत. 'लॉक आर्ड'चंच घ्या. १ जून १८७८ च्या पहाटे ते मटनबर्ड बेटावर आदळलं आणि ५४ जणांपैकी टॉम पीअर्स आणि ईव्हा कारमायकल एवढे दोघंच वाचले. आज तिथे दिसते ती कड्यांमधली घळ आणि वरची थडगी. जहाजातला चिनी मातीचा मोठा मोर मात्र खोक्यासकट धडधाकट किनाऱ्याला लागला! तो वॉर्नंबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे.

अवशेष जवळून बघायचे तर मूनलाइट हेडजवळचा रेक बीच गाठा. साडेतीनशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. खाली 'मारी गॅब्रिएल' (१८६९) आणि 'फिजी' (१८९१) यांचे नांगर आहेत, गंजाचे पापुद्रे सुटलेले. पापुद्रा आठवण म्हणून खिशात टाकू नका. ७५ वर्षांहून जुन्या अवशेषांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे.

मी फसलो ते याच बीचवर. ओहोटीची वेळ बघून निघालो होतो, तरी अर्ध्या वाटेवर लाट गुडघ्यापर्यंत आली आणि पाठीमागे सरळ कडा. नंतर कळलं, इथे भरती-ओहोटीतला फरक मुळात फार नाही. दक्षिण महासागरात कुठेतरी लांब वादळ झालं की त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी इथे येऊन थडकतात, वर ऊन पडलेलं असलं तरी. म्हणून ओहोटीच्या तक्त्याबरोबर लाटांच्या उंचीचा अंदाजही बघा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी चढायला लागायच्या आत परत फिरा. लाटा मोठ्या असतील तर त्या दिवशी उतरूच नका, दुसरा दिवस आहेच.

आता जिओकॅश. फोनमधला बाण सरळ रेषेत चालतो, त्याला कडा दिसत नाही. मला 'अकरा मीटर' दाखवत होता आणि समोर नुसती हवा! डबा होता मागे, पायवाटेलगतच्या खांबाखाली. आतली नाव लिहायची वही भिजून लगदा झालेली. (पेनाऐवजी पेन्सिल न्या.) कड्याच्या पायथ्याशी सिग्नलही उड्या मारतो, मग बाण बाजूला ठेवून डब्याबद्दलची सूचना वाचायची. आणि काठापासून लांब राहा. हा चुनखडक खालून पोखरलेला असतो: लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा एक भाग १९९० मध्ये कोसळला, तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

माझं ऐकाल तर डब्यांपेक्षा अर्थकॅश निवडा. त्यात डबा नसतोच, खडक नीट बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. पाऊस लागला तरी वाया जात नाही.