अमेरिकेतल्या वाळवंटांचे १८६०-७० च्या दशकातले फोटो कसे काढत? आणि त्या सगळ्यांत आकाश कोरं का असतं?

आकाशाचं उत्तर सोपं आहे. तेव्हा निगेटिव्ह काचेवर घेत, आणि त्या काचांना निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाशच काय तो दिसायचा. निळं आकाश निगेटिव्हवर इतकं काळंकुट्ट उमटायचं की प्रिंटवर तिथे नुसता कागद उरायचा. तांबडे खडक याच कारणाने जास्त गडद दिसतात.

कसे काढत, हे समजायला अमेरिकन छायाचित्रकार टिमोथी ओसलिव्हनचा १८६७ मधला, नेवाडातल्या कार्सन वाळवंटाचा फोटो शोधा. वाळूच्या टेकड्या, मधे खेचरं जुंपलेली एक गाडी आणि तिच्यापासून कॅमेऱ्याकडे आलेले पावलांचे ठसे. ती गाडी म्हणजेच त्याची डार्करूम. कोलोडियन, म्हणजे ईथर-अल्कोहोलात विरघळवलेला गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस), काचेच्या मधोमध ओतायचं. मग घावनासारखं पसरवायचं, पण काहीही न लावता, नुसती काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत. उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत. त्यानंतर अंधारात तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. काच ओली आहे तोवरच फोटो काढायचा आणि गाडीत येऊन डेव्हलपही करायचा. सुकली की संपलं. ते ठसे या येरझारांचेच.

मी हा उद्योग एकदा मे महिन्यात पुण्यात गच्चीवर केला. ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं हे माहीत असूनही! कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर काच कडेने सुकलेली. हाती एक करडा डाग लागला, आणि बोटं आठवडाभर काळी. माझी डार्करूम वीस पावलांवर जिन्यात होती, शिवाय नळाला पाणी होतं. ओसलिव्हनला काचा धुवायचं पाणीसुद्धा वाळवंटात वाहून न्यावं लागे.

हे फोटो हौसेचे नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात फोटो काढून आलेला ओसलिव्हन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंगच्या सरकारी सर्वेक्षणात नोकरीला होता. त्याच कामात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींत उतरून त्याने उजेडासाठी मॅग्नेशियम जाळून फोटो काढले. पुढे १८७१ मध्ये लेफ्टनंट व्हीलरच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर कोलोरॅडो नदीतून होडीने वर गेला. त्या मोसमातल्या बऱ्याच काचा फुकट गेल्या.

१८७३ चा त्याचा ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शेचा फोटो सगळीकडे दिसतो: प्रचंड कडा, कपारीत जुनी पडकी घरं, माणसं मुंगीएवढी. बघणाऱ्याला वाटतं, मुलूखच ओसाड. पण १८६४ मध्ये लष्कराने याच दरीतून तिथल्या मूळ रहिवासी नाव्हाहो लोकांना हुसकून लावलं होतं आणि १८६८ च्या तहानंतर ते परतले होते. त्याच दौऱ्यात ओसलिव्हनने त्यांचाही फोटो काढलाय, उभ्या हातमागाजवळ बसलेल्यांचा. तोही बघा.