बडोद्यात एम.फार्म.ला नव्याने आलेल्यांसाठी

औषध तेलात विरघळवून, पोटातल्या पाण्यात आपोआप बारीक थेंब होणारं मिश्रण कॅप्सूलमध्ये भरायचं असेल, तर थेंबाचा आकार ५० नॅनोमीटर आला म्हणून लगेच खूश होऊ नकोस. आधी औषध कोणत्या तेलात किती विरघळतं ते मोज. पूर्ण डोस कॅप्सूलमध्ये मावतच नसेल, तर फेज डायग्राम (कोणते घटक कोणत्या प्रमाणात जमतात ते दाखवणारा आलेख) काढण्यात महिने घालवू नकोस.

खरी कसोटी पातळ केल्यावर लागते. ट्रान्सक्युटॉलसारखा सहद्रावक (औषध विरघळायला तेलाच्या जोडीला घातलेला द्रव) पोटातल्या पाण्यात निघून जातो आणि औषधाचे स्फटिक खाली बसतात. म्हणून ३७ अंशांवर आम्लात आणि ६.८ पीएचलाही पातळ करून काही तास बघ. पुढे लायपेज, म्हणजे तेल पचवणारं विकर, घालून पचनाची चाचणी कर. बरेच जण ती टाळतात, मला ते अजिबात पटत नाही. तेल पचल्यावर औषध विरघळलेलं राहिलं, तरच रुग्णाला उपयोग. अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिन औषधाचं जुनं तेलकट रूप, सँडिम्यून, पित्तावर फार अवलंबून होतं, शोषण माणसागणिक बदलायचं. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या निओरलमुळे, म्हणजे त्याच औषधाच्या आपोआप बारीक थेंब होणाऱ्या रूपामुळे, ते बरंच स्थिर झालं.

सर्फॅक्टंट (तेल पाण्यात मिसळायला लावणारा घटक) शक्य तितकं कमी ठेव, आतड्याला त्रास होतो. नमुने फ्रिजमध्येही ठेवून बघ. आपल्याकडच्या मे महिन्यात जिलेटिनची कॅप्सूल मऊ पडते, तेव्हा कवच रोज तपास.