प्राध्यापक शिकवताना डिजिटल साधनं कशामुळे वापरू लागतात?

परिपत्रकाच्या सक्तीने फार तर हजेरी ॲपवर लागते, शिकवणं बदलत नाही. मी वाशीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडचे सहकारी वळले ते उपयोग डोळ्यांनी दिसल्यावर. तंत्रज्ञान-वापराचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये हेच मांडलं: साधन कामाचं आणि वापरायला सोपं वाटलं, तरच माणूस ते स्वीकारतो.

फळ्यावर मागणीची रेषा पुसून पुन्हा काढावी लागते. जिओजेब्रा या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवला की रेषा उजवीकडे जाते, समतोल किंमत वर चढते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, आता पुरवठा वाढवून बघू ना!" असा एक तास रंगला की पुढच्याची तयारी शिक्षक आपणहून करतो. पावसात ठाणे-वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडल्यावर ठाणे-कळव्याच्या मुलांचा तास बुडू नये, तो ऑनलाइन तरी व्हावा, ही तळमळही असतेच.

बढतीचे गुण, कॉलेजांचा दर्जा तपासणारं नॅक, सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करू देणारे यूजीसीचे 2021 चे नियम, यांचा रेटा सुरुवातीपुरता पुरतो. प्रोजेक्टर अडला आणि धावून येणारं कोणी नसलं, तर उत्साही माणूसही खडू उचलतो. म्हणून कॉलेजांनी आधी चांगला तंत्रसहायक नेमावा, प्रशिक्षण शिबिरं नंतर.