दगडातलं रसायनशास्त्र शिकून पोट भरेल का?

एका आईचं पत्र: "मुलगी निपाणीत पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ग्रहांच्या पोटात मूलद्रव्यं वेगवेगळ्या खनिजांत कशी वाटली जातात, तेच तिला शिकायचंय. हे म्हणतात, गपचूप इंजिनिअरिंगला घाल."

ताई, मुलीनं खूप चांगला विषय धरलाय. चंद्रयान-३ च्या रोव्हरनं २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडची माती तपासली. चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या मताला त्यातून बळ मिळालं. तो समुद्र थंड होताना लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं तळाला गेली आणि कॅल्शियम-अॅल्युमिनियमचं हलकं फेल्डस्पार वर तरंगलं. निकेलचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जवळपास मॅग्नेशियमच्या आयनाएवढाच, म्हणून ऑलिव्हिन हे जड खनिज त्याला सहज जागा देतं. पोटॅशियम आकारानं मोठं, त्याला या खनिजांत थारा नाही. ते शेवटपर्यंत वितळलेल्या रसातच राहतं. मातीतली मूलद्रव्यं मोजणारं उपकरण अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत बनलं, आणि तिथे याच विषयात पीएचडी करता येते.

निपाणीचा काळा दगडही असाच वितळलेला रस थंड होऊन घडलाय. मोठ्या दाण्याचा, ताजा फुटलेला तुकडा मिळाला तर तिला भिंगातून बघू दे. पांढुरक्या पट्ट्या फेल्डस्पारच्या, त्यात कॅल्शियम आणि सोडियम. काळपट दाणे पायरॉक्सिनचे, त्यात लोह आणि मॅग्नेशियम.

आता वाट. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचा फॉर्म यंदा नक्की भरा. नाही जमलं तर धारवाडला रसायनशास्त्र आणि भूशास्त्र घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. माझं स्पष्ट मत आहे की रसायनशास्त्र तिनं शेवटपर्यंत सोडू नये. या विषयाचा कणाच तो आहे. नोकरीची काळजी रास्त आहे. पीएचडीला वेळ लागतो, हे घरात आधीच बोलून घ्या. पण एमएस्सीनंतर यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं, आणि तिथे रसायनतज्ज्ञांच्याही जागा असतात. हे तिच्या वडिलांना जरूर सांगा.

मराठी माध्यमाचं मनावर घेऊ नका. रोज इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं एक पान वाचून तिनं ते तुम्हाला मराठीत समजावून सांगावं. इंजिनिअरिंगची सीईटीही देऊ दे, त्यानं काही बिघडत नाही. फक्त निकाल लागल्यावर आधी तिला विचारा.