डाग दिसतोय, हिरा घेऊ की नको?

लग्नसराई जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांतला सूर एकच असतो: हिरा आवडलाय, पण आत काहीतरी दिसतंय. यावेळी त्यातलीच काही पत्रं घेतली आहेत.

साखरपुड्याच्या अंगठीसाठी ७० सेंटचा, म्हणजे ०.७० कॅरटचा, गोल हिरा पसंत केलाय. प्रमाणपत्रावर शुद्धता एसआय-१ आहे. सराफांनी भिंगातून दाखवला तेव्हा मधोमध काळा ठिपका दिसला आणि मन खट्टू झालं. घ्यावा का? (नाशिक)

आधी भिंग बाजूला ठेवा. ते दहा पट मोठं दाखवतं आणि शुद्धतेची श्रेणीही त्याच दहा पटीत ठरते. एसआय म्हणजे ‘आत किंचित दोष असलेला’. तसं लिहिलं असेल तर भिंगाखाली काहीतरी दिसणारच, त्यात फसवणूक नाही. नुसत्या डोळ्यांना ते दिसतं का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर प्रमाणपत्रात नसतं, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

दुकानातल्या छताच्या दिव्यांखाली शोधू नका. त्या उजेडात हिरा इतका लकाकतो की आतलं सगळं झाकलं जातं. हिरा पुसून घ्या, कारण कितीदा तरी ‘डाग’ म्हणजे नुसता धुळीचा कण निघतो. मग पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घाला, त्या खाचेत हिरा सपाट बाजू वर करून ठेवा आणि दाराशी किंवा खिडकीशी न्या. थेट ऊन नको, सावलीतला उजेड हवा. वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवून बघा, कागद हळूहळू डावीउजवीकडे कलवा. पूर्ण एक मिनिट द्या. जवळचा चष्मा असेल तर तो लावा, आणि घरातल्या एखाद्या तरुण मुलीलाही बघायला सांगा. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते तिला दिसतं.

तुमच्या ठिपक्याची जागा मात्र अडचणीची आहे. वरच्या सपाट पैलूखाली, म्हणजे टेबलखाली, नजर आधी जाते. तो ठिपका खालच्या पैलूंच्या जवळ असेल तर ते पैलू आरशासारखे वागतात आणि एकाचे अनेक करून दाखवतात. एकदा माझ्या हातात असा हिरा आला होता. प्रमाणपत्रावरच्या दोषांच्या नकाशात लाल रंगाची एकच बारीक खूण, आणि वरून पाहिलं तर मध्याभोवती करड्या ठिपक्यांची माळ. श्रेणी चुकीची नव्हती, हिराच घेण्यासारखा नव्हता. तुमच्या आकाराच्या हिऱ्याला बऱ्याचदा छोटं प्रमाणपत्र मिळतं, हिरे तपासणाऱ्या जीआयए या संस्थेच्या डॉसियरसारखं. त्यावर असा नकाशाच नसतो. त्यामुळे डोळ्यांवरच भिस्त ठेवायची.

खिडकीत दिसला नाही तर बिनधास्त घ्या. दिसला तर सोडा. एकदा सापडलेला ठिपका पुढे रोज सापडतो, आणि गोल एसआय-१ मध्ये नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारे हिरे भरपूर मिळतात.

सासूबाई म्हणतात, काळा डाग असलेला हिरा घरात आणू नये. यात तथ्य आहे का? (कोल्हापूर)

त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. आपल्या जुन्या रत्नपरीक्षेत हिऱ्याचे दोष नावानिशी सांगितले आहेत: मल, बिंदू, रेषा, आणि कावळ्याच्या पावलासारखी खूण म्हणजे काकपद. त्या काळच्या जाणकारांनी उघड्या डोळ्यांनी काय काय टिपलं होतं हे बघून मला आजही आदर वाटतो.

तो काळेपणा बहुधा ग्रॅफाइटचा असतो, म्हणजे हिऱ्यासारखाच कार्बन, किंवा गंधकयुक्त खनिजाचा. बहुतेक हिरे जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी तयार झाले, आणि हा कण तेव्हाच आत अडकला. त्यात अशुभ काही आहे असं मी मानत नाही. पण दागिना सासूबाईंच्या हातून सुनेला जाणार असेल तर त्यांच्या मनात किंतू कशाला ठेवायचा? त्याच श्रेणीत काळ्या कणाऐवजी पांढरा, पारदर्शक स्फटिक आत असलेला हिरा मिळतो. खूण काळी की पांढरी हे नकाशावरून कळत नाही, म्हणून हिरा प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

एक कॅरटचे दोन हिरे, दोन्ही एसआय-२, रंगही एकच. एक बराच स्वस्त आहे आणि त्यात डागही दिसत नाही. मग तोच घ्यावा ना? (मडगाव)

थांबा. डाग दिसत नाही म्हणता, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. स्वस्तातला हिरा न धुतलेल्या काचेसारखा वाटतो का? तसं असेल तर त्यात क्लाउड असण्याची शक्यता आहे. अतिसूक्ष्म कणांचा तो ढग असतो, कण एकेकटे दिसत नाहीत पण मिळून प्रकाश अडवतात. प्रमाणपत्राच्या शेवटी शेऱ्यांची जागा असते, ती वाचा. नकाशात न दाखवलेल्या ढगांमुळे ही श्रेणी दिली आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिथे असेल तर फार जपून. कडेला एक ठळक स्फटिक असलेला एसआय-२ मी हसत घेईन, धुरकट नाही. हिरा घ्यायचा तो चमकेसाठी, आणि तीच इथे जाते.

चौकोनी प्रिन्सेस कटच्या कोपऱ्यात ‘फेदर’ आहे. हिरा तर सर्वांत कठीण, मग तुटेल कसा? (ठाणे)

कठीण म्हणजे ओरखडा न पडणारा. घाव सोसणं वेगळं. हिऱ्याला चार दिशांनी फाटण्याच्या सरळ पातळ्या असतात, लाकडाला जसे रेषे असतात तशा. पैलू पाडणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच पातळ्यांवर हिरे दुभंगले. फेदर म्हणजे आतली चीर, पिसासारखी दिसणारी. ती खोल आत आणि लहान असेल तर जन्मभर काही होत नाही. पण ती पृष्ठभागापर्यंत आली असेल आणि तीही प्रिन्सेसच्या टोकदार कोपऱ्यात, तर मी नाही म्हणेन. हिरा बसवताना कारागीर नेमक्या त्याच कोपऱ्यावर दाब देतो, आणि पुढे दाराची कडी, ओट्याची कड, सगळं तिथेच आपटतं.

हिरा घेऊन झाला असेल तर कोपरे धातूने पूर्ण झाकणारं कोंदण करून घ्या आणि बसवण्याआधी कारागिराला ती चीर भिंगातून दाखवा.

इथे ‘क्लॅरिटी एन्हान्स्ड’ हिरा खूप कमी किमतीत मिळतोय, दिसायलाही स्वच्छ आहे. (न्यू जर्सी)

त्याच्या चिरांमध्ये बहुधा काच भरलेली आहे. हिरा नैसर्गिकच असतो, पण दिसतो तो स्वच्छपणा काचेमुळे. हिरा कलवला की चिरेतून निळसर किंवा नारिंगी झाक चमकून जाते, ती याची खूण. जीआयए अशा हिऱ्याला श्रेणी देत नाही. पुढे अंगठी सैल-घट्ट करताना सोनाराच्या गॅस-टॉर्चची आच लागली तर आतलं भरण खराब होतं. असा एक हिरा दुरुस्तीनंतर परत आलेला मी पाहिलाय: दिलेला स्वच्छ, आलेला पांढरट जाळीचा, आणि कारागिराला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. बिचाऱ्यावर आळ आला. लेझरने छिद्र पाडून काळा कण फिका केलेला हिरा वेगळा, तो बदल कायमचा असतो आणि जीआयए त्याची नोंद करून श्रेणीही देते. मी तरी काच भरलेला घेणार नाही.

दागिन्यावर हॉलमार्क आहे. मग हिऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं कशाला? (जळगाव)

हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो. हिऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या काळवंडल्या आहेत. हिरे डागी निघाले का? (पुणे)

तसं लगेच समजू नका. हिऱ्याला तेलकट पदार्थ फार लवकर चिकटतात. वर्षानुवर्षांचं केसांचं तेल, साबण आणि क्रीम कोंदणाच्या मागे साचून काळं झालेलं असणार. मागून उघडं कोंदण असेल तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. मागून बंद असेल तर पाण्यात अजिबात बुडवू नका. जुन्या बंद कोंदणात हिऱ्यामागे पातळ चकचकीत पत्रा लावलेला असू शकतो, तो ओला झाला की कायमचा काळा पडतो. जुनं काम जाणणाऱ्या कारागिराकडे न्या आणि एकेक हिरा काढून मगच बघायला सांगा. तोवर त्यांची किंमत कुणालाही ठरवू देऊ नका.