ऑन्टॉलॉजी म्हणजे यादी नव्हे

प्रश्न असा आलाय की ई-लर्निंगच्या प्रोजेक्टमधे शिकवण्याच्या पद्धतींची ऑन्टॉलॉजी (म्हणजे विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध कॉम्प्युटरला कळतील असे मांडणं) करायचीय, तर मराठी अहवालात तिला 'वर्गीकरण' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. व्याख्यान, गटचर्चा, प्रकल्प अशी ड्रॉपडाउन यादी करायची आणि मीटिंगमधे तिलाच ऑन्टॉलॉजी म्हणायचं, हे ऐकून ऐकून कान किटलेत. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टांची १९५६ ची उतरंड, ते वर्गीकरण. ऑन्टॉलॉजीत संबंध आणि अटी लागतात, म्हणजे गटचर्चेला किमान २ विद्यार्थी हवेत असं ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत लिहिलंत आणि पाठात जास्तीत जास्त १ टाकलात की रीझनर, म्हणजे तर्क लावून तपासणारा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे विसंगती पकडतो, यादी नुसती गप्प बसते. ओसाकाच्या मिझोगुचींच्या गटाची ओम्निबस ही शिकण्या-शिकवण्याची ऑन्टॉलॉजी बघा, त्यांनी पद्धतीचं नाव बाजूला ठेवून विद्यार्थ्यात काय बदल होतो तेच मूळ धरलंय, म्हणून वेगवेगळ्या सिद्धांतांतल्या पद्धती शेजारी ठेवून बघता येतात.

कॉम्प्युटरवाल्या ग्रुबरची ऑन्टॉलॉजीची १९९३ ची व्याख्या सगळेच टाकतात, ती सोडा. मजा शब्दात आहे. ग्रीक 'ऑन', षष्ठीत 'ऑन्टॉस', म्हणजे असणारं. आपलं 'सत्' त्याचं सख्खं भावंड, त्याच्याच 'सन्तः' वरून आपले संत आले, आणि लॅटिन प्रेझेन्समधला 'सेन्स' पण तोच, म्हणजे हजेरीला 'प्रेझेंट' ओरडणारं पोरगं ऑन्टॉलॉजीचाच धातू ओरडतंय!

आता, हा शब्द १६१३ साली जर्मन तत्त्वज्ञ गोक्लेनियसनं घडवला असं अजून छापतात. अरे, १६०६ च्या 'ओग्दोआस स्कोलास्तिका' या पुस्तकात तो आहे की! लेखक याकोब लोरहार्ड, स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या शाळेचा मुख्याध्यापक, पुस्तक शाळेसाठीचं आणि आत संकल्पना फोडत नेणारे कंसांचे तक्ते. (हो, ते तक्ते वर्गीकरणच होते, माहितीय, रीझनर कुठून आणणार तेव्हा.) त्यामुळे माझं आपलं मत असं की शिक्षणवाल्यांनी हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांकडून उसना घेतला हे म्हणणंच उलटं आहे, तो निघाला शाळेतून, बाकीच्यांनी नंतर नेला.

ऑन्टॉलॉजीला मराठीत तत्त्वज्ञानवाले 'सत्ताशास्त्र' सुचवतात. व्युत्पत्ती चोख, पण सत्ता म्हटलं की मराठी माणूस मंत्रालयाकडे बघतो, तिथे शिकवण्याच्या पद्धती कोण शोधणार.

तर अहवालात ऑन्टॉलॉजीच लिहा, स्त्रीलिंगी. अनेकवचन ऑन्टॉलॉज्या, बॅटरीचं बॅटऱ्या होतं तसं, उगाच 'ऑन्टॉलॉजीज' नको.